कडा आणि कपाट

थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींवरील ग्रंथाचे कुठलेही पान उघडा, मांडणी तीच. आधी खोड, पान, फूल, फळ यांचे कोरडे वर्णन. मग ती वनस्पती कुठे कुठे सापडली त्या जागांची यादी: कोकण, मावळ, खंडाळा, महाबळेश्वर. आणि जागेच्या पुढे, ती तिथून आणणाऱ्या माणसाचे नाव आणि एक उद्गारचिन्ह. ‘स्टॉक्स!’ ‘लॉ!’ ‘वुड्रो!’ ‘कानिटकर!’ ‘भिवा!’

वनस्पतिशास्त्राच्या जुन्या रिवाजात या चिन्हाला ठरलेला अर्थ आहे: हा वाळवलेला नमुना ग्रंथकाराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणजे एका बाजूला डोंगर चढून झाड उपटून आणणारा माणूस, दुसऱ्या बाजूला कपाट उघडून ते पाहणारा माणूस, आणि मध्ये हा छोटासा शिक्का. स्टॉक्स आणि लॉ हे कंपनी सरकारचे साहेब. त्यांची चरित्रे सापडतात. कानिटकरांचे निदान आडनाव तरी उरले. भिवाच्या वाट्याला तेही आले नाही.

सह्याद्रीच्या दगडांची आणि झाडांची ओळख छापील कागदावर आली ती याच दोन वाटांनी, पायी हिंडून आणि कपाटे धुंडाळून. तिचे पहिले शिल्पकार या विषयांचे पगारी पंडित क्वचितच होते. कोणी पलटणीतला अधिकारी, कोणी टपालखात्यातला, कोणी देवी टोचणारा डॉक्टर, कोणी पाद्री, कोणी रेल्वेचा इंजिनिअर. या मंडळींच्या मागेपुढे जी स्थानिक माणसे चालली, त्यांची नावे बहुतेक कंसात गेली नाहीतर गेलीच नाहीत.

पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती तेव्हा, 1824 साली, मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची सांख्यिकी माहिती जमवायला नेमले. काम होते महसुलाच्या सोयीचे: जमीन किती, माणसे किती, पिके कोणती. साइक्सने ते केलेच, पण वाटेत पक्षी, मासे, पाऊस, हवा आणि दगड असे सगळेच टिपले. डोंगराची उंची काढायची त्याची एक रीत फार गमतीची. वर जाऊन पाणी उकळायचे आणि त्यात साधा तापमापक बुडवायचा. उंची वाढली की हवेचा दाब उतरतो आणि पाणी लवकर उकळते. ढोबळमानाने दर तीनशे मीटरला एक अंश सेल्सिअस. किल्ल्यावर चुलीवर भांडे ठेवून साहेब काय रांधतो आहे, असा प्रश्न भोवतीच्या माणसांना पडला असेल तर नवल नाही.

दख्खनच्या भूरचनेवरचा त्याचा निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या ग्रंथमालेत 1836 साली छापला गेला. घाटात उभे राहिलेल्या कोणालाही जे दिसते तेच त्याने शिस्तीने मांडले: डोंगर आडव्या थरांचे आहेत, थर मैलोन्‌मैल सरळ जातात, समोरासमोरच्या डोंगरांत ते एकमेकांना जुळतात. घट्ट काळ्या कातळाचा थर उभा तुटतो आणि कडा होतो. त्याच्यावरचा सच्छिद्र, मऊ थर झिजतो आणि उतार होतो. त्या उतारावर माती धरते, मातीवर रान वाढते. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाकडे किंवा नाणेघाटाकडे लांबून पाहिले की काळा पट्टा, हिरवा पट्टा, पुन्हा काळा पट्टा अशी जी रेघारेघांची रचना दिसते, तिचे कारण एवढेच. दगड समजला की झाड कुठे शोधायचे ते निम्मे समजते. साइक्सला या थरांचे वय ठाऊक असायचे कारण नव्हते. ते सुमारे साडेसहा कोटी वर्षे आहे, हे कळायला किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून काळ मोजण्याची विद्या यावी लागली.

मुंबईत त्याच सुमारास जॉन ग्रॅहॅम हा टपालखात्यातला वरिष्ठ अधिकारी आपला मोकळा वेळ झाडांवर घालवत होता. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची त्याची सूची 1839 मध्ये छापली जात होती आणि छपाई पुरी होण्याआधीच, त्या वर्षीच्या मे महिन्यात, खंडाळ्याला त्याचा मृत्यू झाला. उरलेले काम जोसेफ निम्मो या त्याच्या सहकाऱ्याने तडीस नेले. सूचीत लॅटिन नावांच्या शेजारी देशी नावे आहेत. ती कोणी सांगितली असतील? माळी, वैदू, लाकूडफाटा विकणाऱ्या बाया. पुस्तकात त्यांचा पत्ता नाही. पण त्यांनी उच्चारलेली नावे तिथे आहेत. निम्मोची आठवण एका झाडात राहिली. भाद्रपदात कोकणात आणि घाटात पिवळ्या फुलांनी भरणारे, काटेरी फळांचे, सालीपासून दोर निघणारे एक लहानसे झाड आहे. लोक त्याला जंगली भेंडी म्हणतात. शास्त्रात ते ‘एरिनोकार्पस निम्मोनाय’. त्याच्या प्रजातीत जगभर दुसरी जातच नाही आणि पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर ते आपोआप उगवत नाही.

अलेक्झांडर गिब्सन हा या सगळ्यांत जास्त जवळचा वाटणारा माणूस. डॉक्टर, दख्खन आणि खानदेशात देवी टोचत गावोगाव फिरलेला आणि मराठी येणारा. 1838 मध्ये त्याच्याकडे पुण्याजवळच्या दापुरीच्या सरकारी बागेचा कारभार आला. ही बाग गव्हर्नर माल्कमच्या वेळी, 1828 साली सुरू झाली होती. दुसरी बाग जुन्नरजवळ हिवऱ्याला. या बागांमधून मुंबई सरकारच्या दवाखान्यांना औषधी पुरवल्या जात. देशी जडीबुटीत कशाचा गुण येतो आणि कशाचा येत नाही, हे गिब्सन ताडून पाहत असे. कोकणातली राने तुटली तर ओढे आटतील, असे तो सरकारला 1840 च्या दशकातच लिहून कळवत होता आणि 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला.

त्याने दापुरीला एका चित्रकाराकडून बागेतल्या आणि रानातल्या झाडांची चित्रे करून घेतली. दीडशेहून अधिक चित्रे, पानाच्या शिरा मोजाव्यात इतकी नेमकी. ती आज एडिंबरोच्या रॉयल वनस्पती उद्यानात आहेत आणि 2002 मध्ये हेन्री नोल्टी या अभ्यासकाने त्यांवर देखणे पुस्तक केले. चित्रकार पोर्तुगीज वंशाचा किंवा गोव्याकडचा असावा, इतकेच कागदांवरून निघते. नाव नाही. ज्याने झाडाच्या प्रत्येक केसराची नोंद ठेवली त्याची नोंद कोणी ठेवली नाही, याची चीड यायला हवी.

गिब्सन आणि निकोल डॅलझेल यांनी मिळून 1861 मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे पुस्तक काढले. त्यानंतर चार वर्षांनी डॅलझेलने जुन्नर भागातून आलेल्या एका विचित्र झुडपाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर याच्या नावावरून त्याला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. मराठीत ही शिंदळ माकुडी. कड्याच्या सांदीतून लोंबणाऱ्या जाड रसाळ फांद्या, पावसाळा संपता संपता चांदणीसारखी पाच पाकळ्यांची तांबडी-जांभळी फुले आणि त्यांवर पिवळे ठिपके. तिच्या नात्यातल्या माकडशिंगाला धड पाने नसतात. शिंदळ माकुडी मात्र पावसात चांगली मांसल पाने धरते आणि उन्हाळ्यात ती टाकून नुसत्या फांद्यांवर तग धरते. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड, रंधा धबधब्याचा परिसर अशा मोजक्या ठिकाणी ती उरली आहे आणि तीही उभ्या कातळावर. फांद्या गुरांना आवडतात, माणसेही खातात. जिथे बकरी पोचत नाही तिथे ती राहिली. काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा थर उभा तुटतो, या साइक्सच्या निरीक्षणाला तीस वर्षांनी मिळालेला हा वनस्पतिशास्त्रातला दाखला समजायला हरकत नाही.

तोवर रेल्वे आली होती. बोरघाटातला मार्ग 1863 मध्ये खुला झाला. त्यासाठी पंचवीस बोगदे खोदले गेले आणि ऐन हंगामात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकीने आणि तापाने त्यांतले किती गेले याचा नीट हिशेब लागत नाही. भूशास्त्राच्या दृष्टीने मात्र डोंगर प्रथमच आतून उघडला. सह्याद्रीचे थर थिजलेल्या लाव्हारसाचे. त्या रसातल्या वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्यांत पुढे पाण्याने आणून बसवलेली स्फटिके, झिओलाइट आणि अपोफिलाइटचे झुबके, सुरुंगाच्या ढिगाऱ्यात निघाले आणि युरोपच्या संग्रहालयांत गेले. ही खनिजे आजही निघतात. पुण्याच्या वाघोलीतल्या दगडखाणींनी निळ्या रंगाच्या कॅव्हनसाइटसाठी जगभर नाव कमावले. खडीवाल्याला तो नासका दगड वाटतो, संग्राहकाला ठेवा.

मुंबईत वरळीला दोन लाव्हाथरांच्या मध्ये गाळाचे दगड आहेत. त्यांत बेडकांचे चिमुकले सांगाडे सापडले आणि रिचर्ड ओवेनने 1847 मध्ये त्यांचे वर्णन केले. ज्वालामुखी सतत धुमसत नव्हता. एका उद्रेकानंतर दुसऱ्यापर्यंत इतका काळ जाई की तळी साचत, त्यांत बेडूक होत, काठावर झाडे वाढत. ही गोष्ट सर्वांत सुरेख रीतीने उलगडली ती सह्याद्रीपासून दूर, नागपूरला.

स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश पाद्री 1845 पासून नागपुरात होता. त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर. दोघे धर्मप्रचारासाठी आणि शाळांसाठी हिंडत आणि हिंडताना खाली पाहत. टाकळीच्या शिवारात त्यांना लाव्हाच्या मधल्या थरात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख मिळाले. मग फळे, बिया, लाकडाचे तुकडे, किड्यांचे पंखसुद्धा. आज ही टाकळी नागपूर शहराच्या पोटात आहे. सीताबर्डीच्या टेकडीचीही त्यांनी तपासणी केली. कामठीच्या वालुकाश्मात त्यांना ग्लॉसोप्टेरिस या नामशेष वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने मिळाली. तशीच पाने दक्षिण गोलार्धातल्या खडकांतही निघाली आणि पुढे खंडे एकेकाळी जोडलेली होती या कल्पनेचा ती मोठा आधार ठरली. हिस्लॉप दगड जमवून थांबला नाही. पेट्या भरून लंडनला पाठवल्या, तिथल्या तज्ज्ञांशी पत्रे चालू ठेवली आणि 1855 मध्ये दोघांनी नागपूरच्या भूशास्त्रावर सविस्तर निबंध छापला. नागपुरात बसून जे ताडता येत नव्हते ते लंडनच्या कपाटांनी ताडले.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना, पावसाने फुगलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाला. वय पंचेचाळीस. गोंडांच्या कथा आणि चालीरीतींवरची त्याची टिपणे मागाहून रिचर्ड टेंपलने प्रसिद्ध केली आणि नागपूरच्या कॉलेजला त्याचे नाव मिळाले. कॉलेजातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी किती जणांना टाकळीच्या गोगलगायी माहीत असतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

इंग्रजांच्या या मांदियाळीत देशी नावे उगवायला एकोणिसाव्या शतकाची अखेर यावी लागली. जुझे कामिलो लिस्बोआ हे मूळचे गोव्याचे आणि मुंबईत डॉक्टरी करणारे. इलाख्याच्या गॅझेटियरचा पंचविसावा खंड वनस्पतींना वाहिलेला आहे. 1886 च्या त्या खंडातला उपयुक्त वनस्पतींचा मोठा भाग त्यांचा: दुष्काळात कुठले कंद खाल्ले जातात, कशाचा रंग होतो, कशाची दोरी. त्यांच्या पत्नी जुलिया यांनी 1889 मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात सुवासिक गवतांवर लेख लिहिला आणि त्यात एका नव्या जातीचे वर्णन केले. त्या काळी घाटावरच्या गवतात बसून कुसळे पारखणारी बाई ही दुर्मीळ गोष्ट. आज तिची आठवण ठेवणारे तिच्या गवताहूनही दुर्मीळ.

पुण्यात कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पूर्वावतारात, दोन माणसे एकत्र आली. प्राचार्य कुक आणि वनस्पतिशास्त्र शिकवणारे जॉर्ज मार्शल वुड्रो. कुक मूळचे आयर्लंडचे, पेशाने इंजिनिअर. वसईच्या खाडीवरचा रेल्वेपूल त्यांच्या देखरेखीत झाला होता. कॉलेजच्या हर्बेरियमची राखण ना. बा. रानडे यांच्याकडे होती. हर्बेरियम म्हणजे रद्दी कागदात दाबून वाळवलेल्या, जाड कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचे कपाट. कोपऱ्यात चिठ्ठी असते: जागा, तारीख, गोळा करणारा. चिठ्ठी हरवली की नमुना वैरण होतो. 1890 च्या दशकात रानड्यांनी आंबा घाटातून भेंडीच्या कुळातले, मोठ्या लोंबत्या घंटेसारखे फूल येणारे एक झुडूप आणले. ते शास्त्राला नवे निघाले आणि ‘अबुटिलॉन रानडेई’ म्हणून नोंदले गेले. मराठीत सोनघंटा. एका पुणेकर कपाटरक्षकाचे आडनाव असे घाटातल्या झाडाला कायमचे चिकटले. नंतर दीर्घकाळ ते कोणालाच दिसले नाही. ते नाहीसे झाले असावे, अशी समजूत झाली होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा शोध झाला तेव्हा जुन्या चिठ्ठीवरचे ‘आंबा घाट’ हे दोन शब्द उपयोगी पडले आणि सोनघंटा सह्याद्रीत अजून आहे हे सिद्ध झाले.

कुक निवृत्त होऊन विलायतेला गेले आणि क्यू वनस्पती उद्यानाच्या संग्रहात बसून त्यांनी 1901 ते 1908 या काळात आपला ग्रंथ खंडाखंडाने पुरा केला. समोर वुड्रो, कानिटकर, भिवा आणि आणखी कित्येकांनी डोंगरातून आणलेले नमुने. पुण्याचा तो संग्रह पुढे कृषी महाविद्यालयात आणि तिथून भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम मंडळाकडे आला. हे कार्यालय 1955 पासून पुण्यात कोरेगाव पार्कच्या बाजूला आहे.

या परंपरेतले दुसरे मोठे कपाट मुंबईत, सेंट झेवियर्स कॉलेजात. स्विस जेझुइट एथेलबर्ट ब्लॅटर यांनी 1906 मध्ये ते सुरू केले आणि स्पॅनिश जेझुइट हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी वाढवले. सांतापाव यांनी खंडाळ्याची निवड केली. मुंबईहून गाडीने जाता येते, चारी बाजूंना घळी आणि पठारे, आणि एकच जागा पुनःपुन्हा, सगळ्या ऋतूंत पाहता येते. 1953 मध्ये त्यांचे खंडाळ्याच्या वनस्पतींवरचे पुस्तक आले, 1958 मध्ये पुरंदरवरचे. कारवीच्या फुलोऱ्याचा त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. सात-आठ वर्षांनी सगळा डोंगर एकदम फुलतो, बी टाकतो आणि वाळतो. शेजारच्या डोंगराचे वर्ष वेगळे असू शकते. घाटातल्या माणसाला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, कारण त्याच्या कुडाच्या भिंती कारवीच्याच. पण कुठल्या डोंगराचे कुठले साल, हे तारखांनिशी लिहून ठेवले तरच पुढच्याला पडताळता येते. सांतापावांनी ते केले. 1961 मध्ये ते वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले.

दगडांच्या बाजूला 1980 च्या दशकात पुन्हा पायपीट सुरू झाली. कीथ कॉक्स, ख्रिस हॉक्सवर्थ, मुंबईच्या आयआयटीतले के. व्ही. सुब्बाराव आणि इतरांनी घाटरस्त्यांच्या कापणीत थराथरातून नमुने फोडून नेले आणि प्रयोगशाळेत त्यांची रासायनिक ओळख पटवली. डोळ्यांना सारखे दिसणारे थर रसायनाने वेगळे निघाले आणि त्यांना गावांची नावे मिळाली. खालून वर वाचले तर एसटीच्या पाटीसारखी यादी होते: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. सर्वांत वरच्या गटाला वाईचे नाव आहे. 1976 मध्ये ज्याचा पहिला खंड निघाला तो मराठी विश्वकोशही वाईलाच घडला, आणि त्यात ‘दक्षिण ट्रॅप’वर, म्हणजे याच लाव्हाथरांवर, माहिती आहे. दगड आणि विश्वकोश एकाच गावात असावेत, हा योग फारसा जुळत नाही.

या थरांच्या डोक्यावर, पाचगणीला आणि कासला, जांभ्याची टोपी आहे. पाणी मुरत नाही, माती बोटभर, म्हणून मोठे झाड उभे राहत नाही. पावसात तिथे डबकी साचतात आणि त्यांत वायतुरा येतो. साताऱ्याच्या नावाची ही पाणवनस्पती शास्त्राला 1982 पर्यंत अपरिचित होती. गुराखी मात्र तिच्यामधून गुरे नेत होते.

इतक्या साऱ्या कामातला पुष्कळसा भाग आज कोणालाही घरबसल्या वाचता येतो. ग्रॅहॅमची सूची, डॅलझेल-गिब्सन, कुकचे खंड, गॅझेटियरचा पंचविसावा खंड हे सगळे जैवविविधतेच्या आणि इतर डिजिटल ग्रंथालयांत फुकट आहेत. जुन्या इंग्रजी हिज्ज्यांची सवय करावी लागते: ‘डक्खन’ म्हणजे दख्खन, ‘ह्यूरा’ म्हणजे हिवरे. आपल्या गावाजवळचा डोंगर यादीत शोधावा, तिथे 1900 च्या सुमारास काय उगवत होते ते लिहून घ्यावे आणि पावसाळ्यात वर जाऊन पाहावे. जे सापडेल त्याचा फोटो, जागा आणि तारीख नोंदवावी. जे सापडले नाही तेही नोंदवावे, कारण त्याची कोणी दखल घेत नाही. बरोबर आलेल्या गुराख्याचे, कातकऱ्याचे किंवा ठाकराचे नाव आडनावासकट लिहावे. आणि शिवनेरीला भाद्रपद-आश्विनात जाणार असाल तर दुर्बीण घ्या. शिंदळ माकुडी पायवाटेवर नसते, ती वरच्या कातळात असते. दिसली तर खालूनच पाहा, फांदी तोडू नका.